निरंजनसिंगांना मोकळा वेळ मिळू नये म्हणून

"अंकल, तुम्ही बॉम्ब बनवता का?"

राष्ट्रावर संकट आलं की प्रत्येक नागरिक आपापल्या कुवतीप्रमाणे काहीतरी करतो. सैनिक सीमेवर जातो, पुढारी रेडिओवर येतो, आणि ज्याला यांपैकी काहीच जमत नाही तो शेजाऱ्यावर लक्ष ठेवतो. वरचा प्रश्न म्हणजे या तिसऱ्या प्रकारच्या देशसेवेचा नमुना. तो एकोणीसशे पंच्याऐंशीच्या मे महिन्यात, मुलुंड पश्चिमेला, संध्याकाळी पाच वाजता विचारण्यात आला. विचारणारी कुमारी नीला दशरथ घाडी, वय पंधरा, इयत्ता दहावी (सुट्टीतले जादा वर्ग चालू). ज्यांना विचारला ते सरदार निरंजनसिंग, वय पन्नास, 'निरंजन रेडिओ सर्व्हिस'चे मालक, मेकॅनिक आणि झाडूवाले, तिन्ही एकच. साक्षीदार लता आणि वनमाला, दुकानापासून वीस पावलांवर, बर्फाचे गोळे चोखत.

पैज या दोघींनीच लावली होती. नीलाला नववीत वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं आणि तेव्हापासून तिचा आवाज काही केल्या खाली येत नव्हता. "एवढी मोठी बोलणारी ना तू, जा, विचारून दाखव," लता म्हणाली. "नाय विचारलंस तर वर्षभर भित्री भागूबाई," वनमाला म्हणाली. राष्ट्राच्या इतिहासात याहून फुटकळ कारणांनी मोठमोठ्या गोष्टी घडलेल्या आहेत.

झालं होतं असं, की त्याच आठवड्यात दिल्लीकडे कुणीतरी ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब भरून ते बसमध्ये, रस्त्यावर सोडून दिले होते. लोकांनी कुतूहलानं उचलले, बटण फिरवलं आणि जिवानिशी गेले. हे काम शीख अतिरेक्यांचं असावं, असं पेपरात आलं. आता मुलुंडच्या एकोपा सहकारी गृहनिर्माण संस्थेत एकंदर अठ्ठावीस बिऱ्हाडं. त्यांत शीख एक. आणि तो एक नेमका रेडिओ दुरुस्त करणारा! याला योगायोग म्हणायचं तर म्हणा. पण योगायोग म्हणायलासुद्धा थोडा धीर लागतो, आणि तो त्या आठवड्यात सोसायटीत कुणाकडेही शिल्लक नव्हता.

निरंजनसिंगांनी हातातली सोल्डरिंगची कांडी बाजूला ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला, नीलाकडे बघितलं आणि हसले.

"नाय रे बेटा," ते म्हणाले, "टाइम कुठाय? तुमच्या बिल्डिंगचेच सतरा सेट पडलेत इथं."

नीला खो खो हसली. सरदारजीही हसले. तिला त्यांनी बरणीतली एक पेपरमिंटची गोळी दिली आणि पुन्हा कांडी उचलली. या घटनेत विनोद एवढाच होता आणि तो इथेच संपला.

विनोद संपतो, पण त्यातलं वाक्य राहतं. लतानं ते आपल्या आईला, प्रेमाकाकूंना सांगितलं. प्रेमाकाकूंनी पाणी भरता भरता पहिल्या मजल्याला सांगितलं. पुढचा प्रवास इमारतीच्या रचनेप्रमाणे झाला. तळमजल्यावर वाक्य होतं, "टाइम कुठाय?" पहिल्या मजल्यावर ते झालं, "सध्या टाइम नाय." दुसऱ्या मजल्यावर, "टाइम मिळाला की बघू." तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत सरदारजींनी म्हटलं होतं, "ऑर्डरी पुष्कळ आहेत, माणूस एकच, कुठे कुठे पुरणार?" (गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बायकांकडे जे वाक्य गेलं ते सार्वजनिक शांततेच्या दृष्टीनं इथे देता येत नाही.)

संस्थेचे अध्यक्ष नाना पेडणेकर हे मुलुंडच्या जकात नाक्यावर तीस वर्षं ट्रक तपासून निवृत्त झालेले. तीस वर्षांत त्यांनी एकही ट्रक तळापर्यंत उघडून पाहिला नव्हता. पण संशय मात्र एकूण एक ट्रकचा घेतला होता. अशा अनुभवी माणसाला विनोदातलं गांभीर्य लगेच कळतं. एकोणीस मेच्या रविवारी त्यांनी स्कूटरी लावतात तिथे, खुर्च्या मांडून, तातडीची सभा बोलावली. निरंजनसिंगांना निमंत्रण नव्हतं. (विषयपत्रिकेवर जो स्वतःच विषय असतो त्यानं सभेला बसू नये, असा संकेत आहे.)

"मुद्दा साधा आहे," नाना म्हणाले. "तो 'नाही' म्हणाला का? नाही. तो म्हणाला, 'वेळ नाही.' माणूस इच्छा नसली तर 'नाही' म्हणतो. इच्छा असून जमत नसलं की 'वेळ नाही' म्हणतो. आमच्या जावयाला गणपतीला बोलावलं की तो काय म्हणतो?"

जावयाचं उदाहरण सगळ्यांच्या घरात होतं. ते पटलं.

"पण नाना, त्यांनी मस्करी केली," नीला मागून म्हणाली. तिचा आवाज आपोआपच स्पर्धेतल्यासारखा लागला. "मी पण मस्करीतच विचारलं होतं."

"अशा काळात मस्करी सुचते," नाना हळूच म्हणाले, "हाच तर मुद्दा आहे, बाळ."

यानंतर नीलाच्या धाडसाबद्दल तिचा नारळ आणि शाईचं पेन देऊन सत्कार झाला. टाळ्या वाजल्या. टाळ्या ही अशी चीज आहे की ती वाजत असताना खरं बोलणं अगदी कठीण जातं. नीलानं नारळ घेतला. तिचे वडील दशरथ घाडी संस्थेचे सेक्रेटरी होते. त्यांनी लेकीच्या सत्काराचा मजकूर स्वतःच्या वळणदार अक्षरात नोंदवहीत लिहिला आणि 'कन्येने' या शब्दाखाली एक रेघ ओढली.

मग तर्कशास्त्र सुरू झालं. आरोपीनं (तेव्हा हा शब्द अजून कंसातच होता) बॉम्ब न करण्याचं एकमेव कारण वेळेचा अभाव हे दिलेलं आहे. तेव्हा त्याला वेळ मिळाला तर धोका. वेळ मिळाला नाही तर देश सुरक्षित. पोलीस, कोर्ट, कायदा या कशाचीही गरज नव्हती. गरज होती ती फक्त नादुरुस्त वस्तूंची.

ठराव क्रमांक एक असा: "सभासद श्री. निरंजनसिंग यांना क्षणाचीही फुरसत मिळणार नाही याची दक्षता सर्व सभासदांनी घ्यावी. त्यासाठी प्रत्येक बिऱ्हाडाने दर आठवड्यास किमान एक बिघडलेली वस्तू त्यांच्याकडे दुरुस्तीस द्यावी. सूचक नाना पेडणेकर, अनुमोदक सर्व."

पहिल्या आठवड्यात उत्साह दांडगा होता. माळ्यावरून इस्त्र्या उतरल्या, पलंगाखालून पंखे निघाले, मेलेल्या सासऱ्यांचा हेअरिंग एड निघाला. दुसऱ्या आठवड्यात अडचण आली. अठ्ठावीस घरांत बिघडलेलं काही उरलं नाही, कारण निरंजनसिंग फार लवकर दुरुस्त करत होते. (त्यांच्या या गुणाची नोंद पूर्वी 'हुशार कारागीर' अशी व्हायची, आता 'हाताला भलताच वेग आहे' अशी होऊ लागली.) तेव्हा चालू वस्तू बंद पाडणं ओघानंच आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या रत्नप्रभाताईंनी लग्नातला रेडिओ डोळे मिटून पलंगावरून ढकलला. तो फरशीवर पडला तरी गाणं म्हणतच राहिला, तेव्हा त्यांनी तो पुन्हा उचलून पुन्हा ढकलला. प्रेमाकाकूंनी मिक्सरमध्ये सुपारी घातली. नानांनी तर आपला स्वतःचा ट्रान्झिस्टर, ज्याला त्यांच्या सुनेनंही कधी हात लावायचा नसे, तो बादलीत बुडवून काढला आणि ओल्या हातांनी डोळे पुसले. देशासाठी एवढा त्याग या इमारतीत पूर्वी कधी झाला नव्हता.

निरंजनसिंग सगळं घेत. वस्तूला चिठ्ठी चिकटवत, चिठ्ठीवर त्यांची मुलगी मिंटी सुवाच्य मराठीत नाव लिही. मिंटीचं कागदोपत्री नाव हरमिंदर कौर. नीलाच्याच वयाची, दहावीचीच, फक्त शाळा हिंदी माध्यमाची. दोघींची सहा महिन्यांतून एकदा भांडणं व्हायची आणि बाकीचे साडेपाच महिने एकाच कायनेटिकच्या सीटवर बसून चन्यामन्या बोरं खाण्यात जायचे. कायनेटिक दोघींपैकी कुणाचीच नव्हती.

"तुमच्या बिल्डिंगला झालंय काय?" निरंजनसिंग एकदा मिक्सर उघडून दशरथना म्हणाले. "सुपारीची चटणी करतात का आजकाल?"

दशरथ म्हणाले, "व्होल्टेजचा काहीतरी प्रॉब्लेम आहे."

निरंजनसिंगांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. मग म्हणाले, "हां. गेल्या नोव्हेंबरमध्ये पण होता." आणि सुपारीचे तुकडे चिमट्यानं काढायला लागले.

(गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे दिल्लीत पंतप्रधानांची हत्या झाल्यावर, निरंजनसिंगांनी आठ दिवस दुकान बंद ठेवून पाटीवर गोणपाट टाकलं होतं. सोसायटीनं त्याची नोंद 'दुखवटा पाळला' अशी केली. दुखवटा होताच. पण दुखवट्यात माणूस आतून तीन कड्या लावतो का, हा प्रश्न कुणी कुणाला विचारायला लावला नव्हता.)

आता दुसरी अडचण पाहा. वस्तू देणं सोपं; परत घ्यायची कोणी? ज्या हातांवर संशय आहे त्याच हातांतून आलेला रेडिओ आपल्या घरात, आपल्या पोराबाळांत, कोणी लावायचा? दुकानात वस्तूंची रास चढली. लोक लांबूनच विचारत, "झाला का?" आणि "झाला" म्हटलं की "असू दे, असू दे" म्हणत पळत. दोन जूनला पुन्हा सभा झाली. पुन्हा तर्कशास्त्र. वस्तूत काही असेल तर ती लावल्याबरोबर कळेल. लावून कोणीतरी बघायला हवी. बघणारा असा हवा की ज्याच्याबद्दल सोसायटीला विशेष काळजी नाही. इतक्या सरळ वाटेनं पुढे गेलं की माणूस कुठेही पोचतो.

ठराव क्रमांक चार: "दुरुस्त झालेला प्रत्येक संच श्री. निरंजनसिंग यांनी आपल्या राहत्या घरी सलग तीन दिवस, सकाळी सात ते सायंकाळी सात, मध्यम आवाजात चालू ठेवावा. चाचणीच्या वेळी कुटुंबातील सर्व व्यक्तींनी संचाजवळ हजर राहावे. कोणतीही इजा न झाल्यास चौथ्या दिवशी संच मूळ मालकास परत करण्यात यावा. इतर मुलांनी सदर खिडकीपासून वीस फूट अंतर राखावे." ('इतर मुलांनी' हे शब्द दशरथनी मागाहून घातले. बारकाईनं काम करण्याबद्दल त्यांचं नाव होतं.)

निरंजनसिंगांनी ठरावाची प्रत दोनदा वाचली. त्यांच्या बायकोनं, सुरजीत कौरनं, मिंटीकडून तिसऱ्यांदा वाचून घेतली. मग ते म्हणाले, "चलो, घरात जरा रौनक राहील," आणि दुकानातून सेट उचलून आणायला लागले. यावरून सोसायटीच्या समितीनं असा निष्कर्ष काढला, की ज्या अर्थी तो भांडत नाही त्या अर्थी त्याच्या मनात काहीतरी आहे. तो भांडला असता तर काय निष्कर्ष निघाला असता, याची तरतूदही नानांनी आधी करून ठेवली होती.

तीन जूनच्या सकाळी सात वाजता तळमजल्यावरच्या निरंजनसिंगांच्या दोन खोल्यांत एकवीस रेडिओ एकदम सुरू झाले. सात संचांवर मुंबई केंद्र, चारांवर विविध भारती, तीन संचांवर सिलोन. एकावर गुजरातीत भुईमुगाच्या खतांची माहिती, कारण त्याचा काटा तिथेच अडकलेला होता आणि मालकाची तक्रार काट्याबद्दल नव्हती. बाकीच्यांवर नुसती खरखर. आणि तासातासाला बातम्या लागल्या की निरनिराळ्या कोपऱ्यांतून तोच गंभीर आवाज त्या कुटुंबाला बजावायचा, की नागरिकांनी बेवारस वस्तूंना हात लावू नये, संशयास्पद वाटणाऱ्या ट्रान्झिस्टरपासून दूर राहावं. हे ऐकत ते तिघं ट्रान्झिस्टरांच्या मधोमध बसून असत. सुरजीत कौर कानात कापूस घालून पोळ्या लाटायची. मिंटी भूमितीचं पुस्तक उघडून बसायची आणि प्रमेयाच्या तिसऱ्या ओळीला तिला भुईमूग आडवा यायचा.

आठवड्याअखेरची आकडेवारी अशी. तपासलेले संच एकोणचाळीस. सापडलेले स्फोटक पदार्थ शून्य. सापडलेली झुरळं एकशे चार (पैकी रत्नप्रभाताईंच्या संचात बासष्ट). मिंटीची सोडवून झालेली प्रमेयं दोन. समितीनं आकडे तपासले आणि योजना यशस्वी असल्याचं जाहीर केलं, कारण एकही स्फोट झाला नव्हता.

आता यात नीलाचं काय होत होतं? नीला प्रसिद्ध झाली होती. वाण्याकडे तिला रांग नव्हती. मजल्यामजल्यावर बायका तिला थांबवून विचारायच्या, "तुला भीती नाय गं वाटली?" पहिले चार दिवस ती सांगायची, "छे!" पाचव्या दिवसापासून ती पुढच्या जिन्यानं न येता मागच्या बाजूनं यायला लागली. तिथून जाताना तळमजल्याची खिडकी लागते.

सात जूनला, शुक्रवारी, ती वीस फुटांवर थांबली. मग एकोणीस. मग ठराव बाजूला ठेवून तिनं सरळ खिडकीचे गज धरले.

"मिंटी! ए मिंटी!"

मिंटीनं वर बघितलं नाही. "ठरावात बसत नाय तुझं. लांब हो."

"आवाज कमी कर ना गं यार, काही ऐकू नाय येत!"

"कमी नाय करता येत. 'मध्यम' लिहिलंय. तुझ्या बाबांनीच लिहिलंय." मग ती उठून खिडकीशी आली. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "तुला टाळ्या मिळाल्या ना? आम्हाला हे मिळालं."

"मी मस्करी केली होती. तुला माहित्येय."

"मला माहित्येय. पप्पांना माहित्येय. तुझ्या बाबांना पण माहित्येय. तुझ्या त्या नानांना पण माहित्येय, समजलं? सगळ्यांना माहित्येय. म्हणून तर काय करता येत नाय."

नीला म्हणाली, "भीती वाटते का तुला?"

"पप्पा सेट उघडतात ना, तेव्हा मी डोळे मिटते."

"अगं पण पप्पांनी थोडंच काही..."

"पप्पांनी नाय गं, येडी! सेट कुणाच्या घरातनं येतात? तुमच्याच ना? कोणी आत काय ठेवून पाठवलंय आम्हाला काय माहीत?"

मागे भुईमुगाचं खत संपलं आणि बाजारभाव सुरू झाले. नीलानं गज सोडले नाहीत. गेले तीन आठवडे सबंध इमारत त्या माणसाच्या हातांना घाबरत होती. तो हात ज्या डब्यात घालत होता त्याला कुणी घाबरावं, हे कुणाच्याच विषयपत्रिकेवर आलं नव्हतं.

"आम्ही चाललोय," मिंटी म्हणाली. "इंदोरला, मामांकडे. पप्पांनी अर्ज दिलाय."

अर्ज खरंच दिला होता. सदनिका विकून जाण्यास संस्थेची हरकत नाही असा दाखला मिळावा, अशा नम्र विनंतीचा, मिंटीच्या अक्षरातला. कुणाला वाटेल समितीला हर्ष झाला असेल. ज्याच्यावर संशय आहे तो आपण होऊन जातोय, याहून चांगलं काय? पण समिती उथळ नव्हती. नानांनी अर्ज उन्हाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "हा जाणार म्हणजे दुकान बंद करणार. सामान बांधणार. गाडीत बसणार. तिकडे जाऊन नवी जागा शोधणार. म्हणजे कमीत कमी पंधरा दिवस याच्या हाताला काम नाही. पंधरा दिवस मोकळा वेळ! आणि आपलं लक्ष नाही!"

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. राहिला तर धोका, गेला तर जास्त धोका. तेव्हा दाखला नाकारावा, आणि रविवारी नऊ जूनच्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव करावा, असं ठरलं. मसुदा करण्याचं काम सेक्रेटरींकडे आलं.

अर्जासोबत जोडलेल्या माहितीपत्रकात एक रकाना होता: 'यापूर्वी घर सोडले असल्यास त्याचे कारण.' निरंजनसिंगांनी तिथे लिहिलं होतं, 'एकदा. वय बारा. सन १९४७. कारण हेच.' नानांनी शेरा मारला, 'उत्तर अपूर्ण.'

दशरथ घाडी यांच्याबद्दलही इथे दोन शब्द सांगायला हवेत. ते मूळचे सावंतवाडीकडचे, लालबागच्या गिरणीत मागावर वीस वर्षं. संपात गिरणी गेली आणि त्र्याऐंशीत लालबागची खोली विकून ते मुलुंडला आले, तेव्हा एकोपा सोसायटीत त्यांना जागा द्यावी की नाही यावर सभा झाली होती. संपवाला आहे, दगड मारणाऱ्यांतला असेल, उद्या इथे लाल बावटा लावील, अशी रास्त भीती व्यक्त झाली होती. तेव्हा एका सभासदानं उठून सांगितलं, "मी रेडिओवाला, ते मागवाले. दोघांचं काम हातानं. मी जामीन." त्या सभासदाचं नाव नोंदवहीत चौऱ्याहत्तराव्या पानावर आहे. नोंदवही सेक्रेटरींच्याच ताब्यात असते. पण मागची पानं उलटून बघायची पद्धत सोसायट्यांत नाही, आणि ते योग्यच आहे. तसं सुरू झालं तर एकही ठराव पास होणार नाही.

शनिवारी संध्याकाळी दशरथ पलंगावर बसून मसुदा करत होते. नीलाची आई, मालन, खाली बसून सुकट निवडत होती. नीला दारातून आली, चप्पल काढली नाही, आणि मधोमध उभी राहिली.

"बाबा, त्या रेडिओंमध्ये खरंच काय असेल?"

"नाही गं," दशरथ मसुद्यातून डोकं न काढता म्हणाले. "तसं काही नसतं. आपलं एक खबरदारी म्हणून."

"म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही?"

"नाही, नाही. तू तुझा अभ्यास कर."

"तेच सांगायला आले. मी उद्यापासून अभ्यासाला मिंटीकडे बसणार. सात ते सात. रेडिओ चालू असताना, त्यांच्या मधेच."

दशरथचं पेन थांबलं. मालनच्या हातातलं सूप थांबलं.

"अजिबात नाही," दशरथ म्हणाले.

"का?"

"नाही म्हणजे नाही."

"गे बाय माझ्ये," मालन म्हणाली, "तुका येड लागला काय? तकडे जावन बसतलंस? काय झाला बिझाला तर?"

"काही नसतं, आत्ताच बाबा म्हणाले."

"नसतंच," दशरथ म्हणाले. "पण समज, असलं तर?"

"असलं तर मिंटी आहे ना तिथे. तिची आई आहे. तुम्हीच बसवलंय त्यांना."

"ती गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी?"

दशरथनी तोंड उघडलं. वीस वर्षं युनियनच्या सभांतून बोललेला माणूस. मालकासमोर त्याचं कधी अडलं नव्हतं. ते मालनकडे बघायला लागले. मालन सुकटीकडे बघायला लागली. खालून, तीन मजले चढून, सात वाजण्यापूर्वीच्या बातम्या ऐकू येत होत्या, एकाच वेळी अनेक तोंडांनी.

(वाचकांनी इथे जरा थांबावं. तुमच्या घरात पंधरा वर्षांची मुलगी आहे असं धरून चाला आणि तिला परवानगी द्यायची की नाही ते मनातल्या मनात ठरवा. 'जा' म्हणालात, तर तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की त्या रेडिओंत काही नाही. 'जाऊ नको' म्हणालात, तर तुम्ही दुसऱ्याच्या मुलीला तिथे बसवून इतका वेळ ही गोष्ट मजेत वाचत आलात. तिसरं उत्तर आम्ही पुष्कळ शोधलं. सापडल्यास सोसायटीच्या पत्त्यावर कळवावं.)

"कारण सांगा ना," नीला म्हणाली. तिचा आवाज या वेळी स्पर्धेतल्यासारखा लागला नव्हता. साधाच, घरातला होता.

"सांगतो," दशरथ म्हणाले. "उद्या सभा होऊ दे. मग सांगतो."

"सभेचं तुम्ही बघा. माझं ठरलंय. मी उद्या सकाळी सातला खाली जाते, आणि ते राहतील तोवर रोज जाणार. नाही म्हणायचं असेल तर सकाळच्या आत लेखी द्या, कारणासकट. मी ते घेऊन जाईन आणि मिंटीच्या आईला वाचून दाखवीन."